पळीभर सूप

सकाळी साडेसहाला टिली रोएडरनं सूपची चव घेतली, आणि ते गळ्याखाली उतरत असतानाच तिला कळलं की आपण मेलो.

चूक म्हटली तर कुणाचीच नव्हती. सेंट लिओबाच्या शाळेत रविवारी सूप चाखायचं काम नेहमी एका लहान मुलीकडे असे. मध्यरात्रीपासून चॅपलमध्ये कम्युनियनचा प्रसाद घेईपर्यंत मोठ्यांना पाण्याचा थेंबसुद्धा चालत नसे, स्वयंपाकघरातल्या सिस्टरांनाही नाही. मग सव्वाशे माणसांच्या पातेल्यात मीठ बरोबर पडलंय की नाही, हे सांगायचं कुणी? जिचं पहिलं कम्युनियन अजून व्हायचंय आणि जिला उपास लागू नाही, अशा एखाद्या पोरीनं. दोन वर्षं हा मान टिलीच्या धाकट्या बहिणीकडे होता. सात वर्षांची ट्रूडी चुलीशेजारच्या स्टुलावर उभी राहायची, सिस्टर नॉटबुर्गा मागे न बघता पळी मागे करायच्या, ट्रूडी सुर्रकन ओढायची आणि बिशपच्या थाटात निकाल द्यायची, "अजून चिमूटभर."

पण आज त्या ट्रूडीचंच पहिलं कम्युनियन होतं. ती वरच्या मजल्यावर केसांच्या सुरळ्या सोडवून घेत बसली होती, उपाशी. स्टुलाच्या जागी उभी होती सतरा वर्षांची टिली, हातातल्या नूडल्स सुट्या करत. सिस्टर नॉटबुर्गांनी सवयीनं पळी मागे केली. आई गेल्यापासून घरी सुट्टीत आठ जणांचं रांधणाऱ्या टिलीनं सवयीनं तोंड पुढे केलं.

"मीठ?" सिस्टरांनी विचारलं.

"कमी आहे."

मग सिस्टर वळल्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"गिळलंस?"

"हो."

"थुंकायचं नाही का गं, बाळा!" सिस्टर नॉटबुर्गांच्या तोंडचं पाणीच पळालं. "आणि तेही आजच्या दिवशी!"

दुसरा कुठलाही रविवार असता तर काही बिघडलं नसतं. टिली कम्युनियन न घेता बाकावर बसून राहिली असती, शेजारणींनी कोपरखळ्या मारल्या असत्या आणि दुपारपर्यंत सगळं विसरलं गेलं असतं. आजचा रविवार वेगळा होता, आणि तो तसा करून ठेवला होता शाळेच्या प्रमुख मदर इर्मिनगार्डनी.

झालं होतं असं की, बुधवारी रात्री गावातल्या बोहेमियन हॉलमध्ये पोल्का नाच होता. गुरुवारी सकाळी रोज घरून येणाऱ्या मुलींनी डब्यांबरोबर बातमी आणली. शाळेत राहणारी एक मुलगी तिथे नाचताना दिसली म्हणे. चेहरा कुणी नीट पाहिला नव्हता, डोक्याला रुमाल होता, पण पायात शाळेचेच तपकिरी बूट होते आणि त्या बुटांसाठी सगळ्या स्टर्न्स काउंटीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. धुण्याच्या खोलीचं दार सकाळी उघडं सापडलं. शुक्रवारी मदरनी सगळ्या मोठ्या मुलींना सभागृहात उभं केलं.

मदर इर्मिनगार्ड दुष्ट नव्हत्या, हे इथेच सांगितलेलं बरं. त्या नाकासमोर चालणाऱ्या होत्या, आणि अशा माणसाच्या वाटेत जो येईल त्याची धडगत नसते. "मी कुणालाही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस मुलींना चाळीस वेळा खोटं बोलायला लावणं मला जमणार नाही. जी बाहेर गेली तिनं माझ्याकडे येऊन कबूल करावं. तोवर तिला कम्युनियनचा हक्क नाही. रविवारी प्रसाद घ्यायला वेदीच्या कठड्यापाशी कोण येत नाही, ते मी बघेन. जी येणार नाही, तिची ट्रंक त्याच दिवशी दाराबाहेर असेल. आणि दात घासताना पाणी पोटात गेलं, ही कथा या रविवारी मला कुणी ऐकवू नये. मी ती तीस वर्षं ऐकतेय."

मदरकडे कुणीही गेलं नाही.

टिलीला ठाऊक होतं कोण ते. तिच्या शेजारचीच कॉट. बुधवारी रात्री लुसिल हागेमानच्या पांघरुणाखाली दोन उशा झोपल्या होत्या, आणि पहाटे लुसिल बिअरचा वास घेऊन खिदळत आत शिरली होती. टिलीनं कूस बदलली होती. सांगायचं नाही, हा राहणाऱ्या मुलींचा एकच कायदा होता, आणि तो कुठे लिहिलेला नसल्यामुळेच सगळ्या पाळायच्या.

दाराबाहेरच्या ट्रंकेचा अर्थ टिलीला दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगला कळत होता. डिप्लोमाला तीन आठवडे उरले होते. तो हातात पडला की सेंट क्लाउडच्या शिक्षिकांच्या कॉलेजात तिची जागा पक्की होती. पडला नाही तर अठ्ठावीस गायी, पाच भाऊ आणि आयुष्यभर पहाटे चारचं दूध. पप्पा तिला नाताळातच घरी न्यायला आले होते. तेव्हा याच मदर बर्फातून त्यांच्या शेतावर गेल्या होत्या आणि स्वयंपाकघरात बसून त्यांनी पप्पांकडून 'जूनपर्यंत' हा शब्द घेतला होता. पप्पांनी दिलेला शब्द मोडायची गरजच उरली नसती आता. मदर स्वतःच तो परत करणार होत्या.

"मी सांगते मदरना," सिस्टर नॉटबुर्गा हात पुसत म्हणाल्या. "मिस्सेची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी सांगते. तू जा, कपडे कर."

"नक्की ना, सिस्टर?"

"अगं, मी भरवलं, मी निस्तरेन."

टिली जिना चढून गेली.

*

पहिल्या कम्युनियनच्या मुलींना प्रत्येकीला एक 'देवदूत' असे. म्हणजे एक मोठी मुलगी, पांढरा बुरखा, हातात मेणबत्ती. ती छोटीला कठड्यापर्यंत न्यायची, तिच्या उजव्या हाताला गुडघे टेकायची आणि छोटीच्या मागोमाग स्वतः घ्यायची. ट्रूडीची देवदूत टिली होती. मागच्या बाकावर गपचूप बसून राहायची सोयही देवानं ठेवली नव्हती.

कपड्यांच्या खोलीत लुसिल आरशासमोर बुरख्याला पिना लावत होती. तिलाही एक छोटी दिलेली होती, बेकरीवाल्यांची. ही खरी गंमत होती, पण हसायला टिलीला सुचलं नाही.

"काय गं, भूत बघितल्यासारखी?" लुसिलनं आरशातूनच विचारलं.

टिलीनं दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"एवढंच?" लुसिलनं तोंडातली पिन काढली. "एक पळी सूप? बये, घे की सरळ. देवाला काय तेवढंच काम आहे, तुझ्या पोटात नूडल्स मोजायचं?"

"ते पाप आहे, लुसिल. जाणूनबुजून घेतलं तर."

"आणि घेतलं नाहीस तर काय होईल? सांगू? सगळ्या म्हणतील, टिलीच ती. साळसूद टिली पोल्का नाचली."

"तू काल कन्फेशनला गेलीस ना, पापांची कबुली द्यायला? फादरना सांगितलंस?"

लुसिल पुन्हा आरशाकडे वळली आणि बुरखा उगीचच सारखा करायला लागली.

"लुसिल. आणि आता घेणार आहेस?"

"मग काय करू?" ती फिस्कारली. "बसून राहू? म्हणजे घेऊन जा माझी ट्रंक? सावत्र बाप दारातच पट्टा काढून उभा असेल. तुझं बरंय, तुझा बाप निदान गरीब गाय आहे. माझ्या पापाचं मी बघेन, तू तुझ्या सूपचं बघ." आणि मग आवाज खाली आणून, "टिली, तू सांगणार नाहीस ना?"

टिलीला तिचा भयंकर राग आला. तिनं बुरखा उचलला आणि बाहेर पडली.

कॉरिडॉरमध्ये मुलींची रांग लागलेली होती. मिस्सेआधी शांतता पाळायची, हा नियम. एरवी तो मुली पायदळी तुडवत, पण मदर स्वतः चॅपलच्या दारात उभ्या असताना नाही. पाहुणे आत जात होते. टिलीनं पप्पांना पाहिलं, काळा कोट, मान आवळणारी कॉलर, मागे पाच भाऊ उंचीनुसार. पप्पांनी तिच्याकडे बघून मान हलवली. ते आज खूश दिसत होते आणि तेच टिलीला बघवेना.

सिस्टर नॉटबुर्गा अजून आल्या नव्हत्या. टिली रांग सोडून मदरपाशी गेली. "मदर, मला..."

मदरनी ओठांवर बोट ठेवलं. राग नव्हता त्यात, नियम होता. आत ऑर्गन सुरू झाला. टिली परत फिरली. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या जिन्यातून सिस्टर नॉटबुर्गा धापा टाकत वर आल्या, एप्रन तसाच, आणि मदर चॅपलच्या आत वळलेल्या पाहून जागच्या जागी थबकल्या. त्यांनी टिलीकडे पाहून हात पसरले, सांगायचं राहूनच गेलं होतं.

ट्रूडीनं तिचं बोट धरलं. पांढऱ्या झग्यात ती केवढीशी दिसत होती. तिनं वर मान करून नाक फेंदारलं.

"टिली, तू सूप चाखलंस."

"श्श."

"कांदा घातलाय आज. वास येतोय." ट्रूडीचे डोळे मोठे झाले. पहिल्या कम्युनियनसाठी सगळी प्रश्नोत्तरं तिनं नुकतीच घोकली होती, आणि सात वर्षांच्या मुलीएवढं धर्मशास्त्र पोपलाही पाठ नसेल. "मग तुला घेता यायचं नाही."

"मी येतेय तुझ्याबरोबर. चल."

"पण घेऊ नकोस हं," ट्रूडी कुजबुजली. "घेतलंस ना, तर महापाप लागेल. मग तू मम्माकडे जाणार नाहीस."

*

मिस्सा नेहमीपेक्षा लांबली. फादर क्लेमेंट छोट्यांना उद्देशून बराच वेळ बोलले, गव्हाबद्दल आणि द्राक्षांबद्दल. टिलीला एक शब्दही ऐकू आला नाही. ती मनातल्या मनात दोन्ही वाटांनी पुन्हा पुन्हा चालून बघत होती. घेतलं तर? तोंड उघडायचं, मिटायचं. दोन सेकंद. पप्पा खूश, मदर खूश, जूनमध्ये डिप्लोमा. पुढच्या शनिवारी कन्फेशनमध्ये सांगून टाकायचं. लुसिल तरी दुसरं काय करत होती? नाही घेतलं तर? मग संध्याकाळी गोठा.

आणि तरी तिला पुरतं कळत होतं की आपण घेणार नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं ते. शपथेवर सांगायचं तर ती भ्याली होती, मदरला नव्हे, त्याहून मोठ्या कुणाला. ज्या घरात मेलेल्या आईसाठी रोज रात्री गुडघे टेकून जपमाळ म्हणतात, त्या घरातली ती मुलगी होती. तिला ते जमणारच नव्हतं. हे कळल्यावर तिला मोकळं वाटलं असं कुणी म्हणेल, पण तसं काही झालं नाही. तिला फक्त रडू यायला लागलं आणि तिनं ते दाबलं.

घंटी वाजली. छोट्या उठल्या. अकरा पांढरे झगे, अकरा मेणबत्त्या. लुसिल तिच्या छोटीला घेऊन पुढे होती. ती कठड्याशी टेकली, डोळे मिटले, मान वर केली आणि चित्रातल्या संतिणीसारखी तिनं जीभ पुढे केली. फादर पुढे सरकले.

ट्रूडीची पाळी आली. तिनं तोंड एवढं उघडलं की फादरना हसू आलं. मग ते एक पाऊल सरकले. ती पांढरी पातळ चकती टिलीच्या चेहऱ्यासमोर आली.

टिलीनं मान खाली घातली.

फादर थांबले. शेजारी ताटली धरून असलेला मुलगाही थांबला. किती वेळ, कोण जाणे. टिलीला कठड्याच्या पांढऱ्या कापडावरची शिलाई दिसत होती, तीच बघत राहिली ती. मग फादरचे बूट पुढे गेले. तिच्या मागे चॅपलभर, धान्याच्या कोठारात उंदीर पळावा तशी खसखस झाली आणि पुन्हा शांत झाली.

परत फिरताना तिला दोनच चेहरे दिसले. पप्पांचा, ज्यांना काही उमगलं नव्हतं. आणि मदरचा, ज्यांना सगळं उमगलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

*

खाली भोजनगृहात ताटल्यांचा आवाज सुरू होता. मदरच्या खोलीत पप्पा खुर्चीच्या टोकावर बसले होते, हॅट गुडघ्यांवर. टिली उभी होती.

"मिस्टर रोएडर, तुमची मुलगी बारा वर्षांची असल्यापासून मी तिला ओळखते," मदर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "दुसरी कुणी असती तर मला एवढं लागलं नसतं."

"मदर, मी सकाळी सूप चाखलं," टिली म्हणाली. "चुकून. म्हणून नाही घेतलं."

मदरनी डोळे मिटले. "शुक्रवारी मी काय सांगितलं होतं?"

"दात घासायच्या पाण्याचं सांगू नका, म्हणालात. मी ते सांगत नाहीये."

"आता उद्धटपणाही."

दार न वाजवताच सिस्टर नॉटबुर्गा आत आल्या आणि आपलं वजनदार शरीर सांभाळत थेट जमिनीवर गुडघे टेकले. "मदर, अपराध माझा. मी भरवलं हिला. माझ्या हातानं."

"उठा, सिस्टर."

"माझाच हात, मदर..."

"सिस्टर, फेब्रुवारीत भांडाराची काच तुम्हीच फोडलीत. नाताळात जॅमच्या सहा बरण्या तुम्हीच संपवल्यात, एका रात्रीत. गेल्या वर्षी वर्गात सोडलेलं कोंबडीचं पिल्लूही तुमचंच होतं." मदर बोलत होत्या तसतशी सिस्टरांची मान खाली जात होती. "या घरातल्या मुलींनी केलेलं एकही पाप तुम्ही स्वतःकडे घ्यायचं सोडलेलं नाही. तुमच्या शब्दावर मी आता कसा विश्वास ठेवू?"

"पण या वेळी खरंच मीच!"

"दर वेळी हेच म्हणता."

सिस्टर रडायलाच लागल्या. "ट्रूडीला विचारा! तिला वास आला होता, ही टिलीच म्हणाली मघाशी..."

"ट्रूडीला नका बोलावू," टिली पटकन म्हणाली. "आज तिचा दिवस आहे. आणि ती माझी बहीण, तिचंही तुम्ही ऐकणार नाही."

कुठेतरी मदरच्याही मनात काही हललं असावं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "समजा तू नव्हतीस. मग बुधवारी कुणाची कॉट रिकामी होती, हे तुला माहीत असणार. भिंतीकडून तुझी सहावी, सगळं दालन तुला दिसतं. एक नाव सांग आणि खाली जेवायला जा. मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

टिलीला वाटलं, सांगावं. का नाही सांगायचं? लुसिल अशी कोण लागून गेली होती? त्या चित्रातल्या संतिणीचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा तिला आठवला आणि नाव अगदी दातांपर्यंत आलं. मग तिला दारात उभा असलेला सावत्र बाप दिसला. आपली सुटका व्हावी म्हणून आपण दुसऱ्या कुणाला त्या दारात ढकलायचं. तिनं दात मिटले.

"तुम्ही म्हणाला होतात, विचारणार नाही," ती म्हणाली.

मदरच्या गालावर लाली चढली. "ट्रंक भर," त्या म्हणाल्या.

*

पुरुषांना वर मुलींच्या दालनात जायला मनाई होती, म्हणून पप्पा जिन्याच्या पायथ्याशी थांबले. टिली ट्रंक पायरीपायरीनं खाली ओढत आली. त्यांनी ती खांद्यावर घेतली. दोघं बाहेर आले. दारासमोर त्यांचा ट्रक होता, मागे दुधाचे रिकामे कॅन. भाऊ अजून आत जेवत होते.

"सूप होतं?" पप्पांनी विचारलं.

"हो."

"कशाचं?"

"कोंबडीचं. नूडल्स घालून."

"आणि बुधवारी?"

"झोपले होते, पप्पा."

पप्पांनी ट्रककडे पाहिलं. टिलीनंही पाहिलं. तीन वर्षं ते रोज रात्री घेवडा उकडून पोरांना वाढत होते. एक मोजा धड नव्हता घरात. ट्रंक खांद्यावर होती आणि ट्रक चार पावलांवर. कुणी त्यांना नावही ठेवलं नसतं. टिलीनं श्वास धरून ठेवला, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळत नव्हतं की हा माणूस आता काय करेल.

पप्पा वळले. ट्रंकेसकट दारासमोरच्या पायऱ्या चढले, मदरच्या खोलीचं दार पायानं ढकललं आणि ट्रंक गालिच्यावर धाडकन आदळली. सिस्टर नॉटबुर्गा तिथेच गुडघ्यांवर होत्या अजून. त्या दचकून उठल्या.

"मदर, मला बोलता येत नाही फारसं," पप्पा म्हणाले. "मी दूधवाला माणूस. मी दूध गाळतो तेव्हा कचरा वर राहतो, दूध खाली जातं. तुमची गाळणी उलटी लागलीये. जिला देवाची भीती, ती वर अडकली. जिला नाही, ती आज सगळ्यांसमोर खाली निघून गेली."

"मिस्टर रोएडर..."

"थांबा, एवढंच आहे. मला पोरगी घरी हवीये. खोटं कशाला सांगू, कालही हवी होती. पण जूनमध्ये नेईन, शब्द दिलाय. चोर म्हणून नाही नेणार. आख्ख्या गावासमोर, बापासमोर, ही मान खाली घालून बसली. तुम्हीच म्हणालात ना, न घेणारीची ट्रंक बाहेर? हिला ठाऊक होतं ते. जी नाचायला जाऊन तीन दिवस गप्प बसते, तिला एवढी हिंमत असते का हो?"

टिलीला पप्पा इतकं बोलताना कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं. आईच्या दफनाच्या दिवशीही नाही. तिला खूप रडू आलं आणि या वेळी तिनं ते दाबलं नाही.

मदर खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. मग त्यांनी सिस्टर नॉटबुर्गांना विचारलं, "आज मोठ्या मुलींपैकी कोण कोण मागे राहिलं?"

"ही एकटीच, मदर."

"बाकी?"

"बाकी सगळ्या आल्या कठड्याशी. एकूणएक."

मदर खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "म्हणजे ती आली," त्या म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. "मनात पाप तसंच ठेवून आली आणि घेऊन गेली. मी काही बोलले नसते तर ती मागे बसली असती. कुणी पाहिलंही नसतं. बसायची सोय मीच काढून घेतली." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "एका मुलीला मी माझ्या हातानं तिथे ढकललं."

पप्पांनी हॅट छातीशी धरली.

"ओटिलिया," मदर उठत टिलीचं पूर्ण नाव घेऊन म्हणाल्या, "मला क्षमा कर. भोजनगृहातही मी हे सांगेन, सगळ्यांसमोर. पण आधी मला फादरना गाठायला हवं." आणि त्या दारातून निघून गेल्या, जवळजवळ धावतच. सेंट लिओबात त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

टिली मागोमाग बाहेर आली. कॉरिडॉरच्या वळणावर लुसिल भिंतीला चिकटून उभी होती, बुरखा तसाच. मदर तिच्यासमोरून गेल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय झालं?" लुसिलनं टिलीचा हात पकडला. "माझं नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग? तुला काढलं?"

"नाही."

"मग मदर कुठे चालल्यात?"

"कन्फेशनला," टिली म्हणाली. "तुझं पाप सांगायला. त्यांना वाटतंय, ते त्यांनीच केलंय."

लुसिल बघतच राहिली. चॅपलचं दार उघडंच होतं. फादर क्लेमेंट झगा उतरवून पुन्हा कन्फेशनच्या कपाटासारख्या लाकडी खोलीत शिरत होते, आणि समोरच्या बाकावर मदर गुडघे टेकून बसल्या होत्या, पाठीत वाकून, शनिवारी कुणीही मुलगी बसते तशाच.

"मला हाकलतील, टिली."

टिलीचा राग अजून गेला नव्हता. तो लपवायची तिला गरजही वाटली नाही. "हो," ती म्हणाली, "हाकलतील."

लुसिल तिथेच उभी राहिली. ओठ चावत, एकदा बाहेरच्या दाराकडे, एकदा आत बघत. मग तिनं डोक्यावरचा बुरखा ओढून काढला, टिलीच्या हातात कोंबला आणि चॅपलमध्ये गेली. तिच्या बुटांचा आवाज फरशीवर मोठा झाला. त्या बाकापाशी जाऊन ती उभी राहिली, पण बसायचं धाडस तिला होईना.

मदरनी मान वळवून पाहिलं नाही. त्या फक्त थोड्या आत सरकल्या आणि तिला शेजारी जागा करून दिली.